लॅपटॉपचे लॅन पोर्ट बंद पडले तर : निदानाची साधी पद्धत

रत्नागिरी जिल्ह्यात जून-जुलैचे दिवस दुहेरी धावपळीचे असतात. शेतात लावणीची घाई आणि शाळा-महाविद्यालयांत प्रवेशाची. दाखल्याच्या अर्जासाठी दूरच्या वाडीवरून पऱ्हे ओलांडीत, भिजत आलेल्या पालकाला ग्रामपंचायतीच्या दारात ‘आज नेट बंद आहे’ एवढेच उत्तर मिळाले, तर त्याचा दिवस बुडतो आणि दिवसाची मजुरीही बुडते. दुसऱ्या दिवशीही तेच ऐकावे लागले, तर एखाद्या विद्यार्थ्याची प्रवेशाची मुदत टळण्याचा संभव असतो.

‘नेट बंद आहे’ या तीन शब्दांत अनेक निरनिराळे दोष दडलेले असतात. त्यांपैकी एक म्हणजे लॅपटॉपच्या कडेचे, तार जोडण्याचे चौकोनी भोक, म्हणजेच लॅन पोर्ट, काम करीनासे होणे. असे झाले की ‘मदरबोर्ड गेला’ असा निष्कर्ष तत्काळ काढला जातो आणि लॅपटॉप तालुक्याच्या गावी दुरुस्तीला रवाना होतो. परंतु दोष पोर्टातच आहे, हे सिद्ध झाल्यावाचून त्याच्यावर ठपका ठेवणे योग्य नव्हे. ही सिद्धता कार्यालयातील कोणाही कर्मचाऱ्याला किंवा शिक्षकाला अर्ध्या तासात करता येते. ती कशी करावयाची, हे सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

तारेची आवश्यकता

बिनतारी वायफायची सोय असताना तार कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. कोकणातील अनेक इमारती जांभ्याच्या चिऱ्यांच्या आहेत. त्यांच्या जाड भिंतींतून जाताना बिनतारी लहरी क्षीण होतात आणि शेजारच्या खोलीत जोडणी वारंवार तुटते. मोठा अर्ज भरताना ती मध्येच तुटली की सारे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. म्हणून कार्यालयीन कामास तार अधिक भरवशाची. संगणक तारेने जोडण्याच्या या पद्धतीस ईथरनेट असे नाव आहे. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनी १९७३ मध्ये तिची उभारणी सुरू केली. तेव्हापासून वेग कित्येक पटींनी वाढला, तरी पद्धतीचे नाव तेच राहिले.

इंग्रजीत समुद्रकाठच्या बंदरालाही पोर्ट म्हणतात. मिरकरवाड्याच्या बंदरात होडी वेळेवर आली नाही, तर धक्का कोसळला असे कोणी एकदम म्हणत नाही. वारा कसा आहे, होडीचे इंजिन ठीक आहे की नाही, हे आधी पाहतात. येथेही तोच क्रम ठेवावा. आधी बाहेरचे पाहावे, मग आतले; आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर कशाने गुण आला हे कळत नाही.

दिव्यांची भाषा

लॅन पोर्टाशेजारी बहुधा दोन इवले दिवे असतात. तार दोन्ही टोकांस नीट जोडली गेली की एक दिवा लागतो आणि माहितीची ये-जा सुरू झाली की दुसरा लुकलुकतो. काही लॅपटॉपना हे दिवे नसतात. अशा वेळी तारेच्या दुसऱ्या टोकाच्या राउटरवरील किंवा स्विचवरील दिवे पाहावेत.

या दिव्यांवरून तपासाच्या दोन वाटा फुटतात. दिवा लागत असूनही संकेतस्थळ उघडत नसेल, तर पोर्ट बहुतांशी निर्दोष असते; दोष पुढे राउटरमध्ये, सेवेत किंवा लॅपटॉपच्या मांडणीत शोधावा. दिवा मुळीच लागत नसेल, तर तार, स्विच, लॅपटॉपची मांडणी आणि पोर्ट हे चौघे संशयित ठरतात.

प्रथम तार

लॅन केबलमध्ये तांब्याच्या आठ बारीक तारा असतात आणि त्या दोन-दोन मिळून चार जोड्यांत पिळलेल्या असतात. सेकंदाला १०० मेगाबिट वेगासाठी त्यांतील दोन जोड्या पुरतात. १००० मेगाबिटसाठी मात्र चारही लागतात. म्हणून एखादी तार आतून तुटली, तर कधी वेग एकदम खाली येतो, तर कधी जोडणीच होत नाही. दाराच्या फटीत चेमटलेली, खुर्चीच्या चाकाखाली आलेली किंवा उंदरांनी कुरतडलेली केबल बाहेरून धड दिसत असली तरी आतून तुटलेली असू शकते. टोकाच्या प्लगची प्लॅस्टिकची खिटी मोडली असेल, तर प्लग सैल होऊन हलक्या धक्क्यानेही जोडणी सुटते. केबलची एकूण लांबी १०० मीटरपेक्षा अधिक नसावी.

कसोटी सोपी आहे. पहिल्याने, चालू असलेल्या दुसऱ्या संगणकाची केबल आपल्या लॅपटॉपला लावून पाहावी. दिवा लागला तर आपला लॅपटॉप निर्दोष ठरतो. दोष आपल्या केबलमध्ये किंवा स्विचच्या त्या भोकात असतो. न लागला, तर आपली केबल दुसऱ्या संगणकास लावावी. तेथे ती चालली, तर संशय लॅपटॉपवर येतो. या दोन अदलाबदलींनी कित्येक तक्रारींचा उलगडा तेथल्या तेथे होतो.

मग लॅपटॉपची मांडणी

विंडोजमधील डिव्हाइस मॅनेजर उघडून नेटवर्क अॅडाप्टर्सची यादी पाहावी. ईथरनेटच्या नावावर खाली वळलेला बाण असेल, तर ते कोणाकडून तरी बंद केले गेले आहे. ते इनेबल करावे. पिवळी खूण असेल, तर ड्रायव्हर बिघडला आहे. अशा वेळी ते नाव अनइन्स्टॉल करावे, मात्र ड्रायव्हर पुसून टाकण्याच्या पर्यायावर खूण करू नये. लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर विंडोज त्या भागाची नव्याने नोंद घेते. वीज वाचविण्यासाठी हा भाग बंद करण्याची मुभा विंडोजला दिलेली असते. लॅपटॉप झोपेतून जागा झाल्यावरच पोर्ट रुसत असेल, तर ती मुभा काढून टाकावी.

दिवा लागतो, परंतु संगणकाचा पत्ता १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होतो, असे आढळल्यास राउटरकडून पत्ता मिळालेला नाही असे समजावे. राउटर बंद करून पुन्हा सुरू करावा. काही कार्यालयांत प्रत्येक संगणकास ठरावीक पत्ता दिलेला असतो. तेथे आकडे बदलण्यापूर्वी जुने आकडे कागदावर उतरवून घ्यावेत. अन्यथा साधा दोष अवघड होऊन बसतो.

यादीत ईथरनेटचे नावच नसेल, तर लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर आणि केबल काढावी. बॅटरी सुटी होत असेल तर तीही काढावी आणि पॉवरचे बटण सुमारे अर्धा मिनिट दाबून धरावे. आत उरलेली वीज निघून गेल्यावर अडकलेला भाग कधीकधी पुन्हा जागा होतो. त्यानंतर बायॉसमध्ये लॅन बंद केले गेले नाही ना, तेही पाहावे.

निर्णायक कसोटी

एवढे करूनही गुण आला नाही, तर पेनड्राइव्हवरून उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली काही क्षणांपुरती चालवावी. ती इन्स्टॉल करू नये, केवळ चालवून पाहावी. तिच्यात पोर्ट चालले, तर दोष विंडोजमध्ये आहे आणि लॅपटॉप उघडण्याचे कारण नाही. तिच्यातही न चालले, तर पोर्ट किंवा त्यामागील चिप खराब झाली, असे मानण्यास आधार मिळतो.

असे झाले तरी लॅपटॉप टाकाऊ ठरत नाही. यूएसबीला जोडण्याचा लॅन अडॅप्टर बाजारात मिळतो आणि मदरबोर्ड बदलण्याच्या मानाने त्याचा खर्च अल्प असतो. प्रत्येक कार्यालयात असा एक अडॅप्टर आणि एक खात्रीची केबल राखून ठेवल्यास, दुरुस्ती होईपर्यंत लोकांची कामे अडत नाहीत.

खारी हवा, पाऊस आणि वीज

समुद्रकाठच्या दमट, खाऱ्या हवेत पोर्टातील धातूच्या बारीक पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर चढतो. विजेरीच्या उजेडात तो दिसतो. लॅपटॉप पूर्ण बंद करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजविलेल्या मऊ कुंचल्याने तो काढावा आणि पोर्ट वाळल्यावरच लॅपटॉप सुरू करावा. सुई, रॉकेल किंवा तेल यांचा प्रयोग करू नये. टेलिफोनचा अरुंद प्लगही या पोर्टात घालू नये. त्याने कडेच्या पट्ट्या वाकतात.

खरा शत्रू आकाशातील वीज. पावसाळ्याच्या तोंडाशी आणि परतीच्या पावसात कोकणात गडगडाट होतो, तेव्हा अनेक जण विजेचा प्लग काढतात, पण लॅन केबल तशीच ठेवतात. एका इमारतीतून दुसरीत नेलेल्या लांब केबलमधून येणारा धक्का थेट पोर्टात शिरतो. म्हणून दोन्ही काढाव्यात. दोन इमारतींमध्ये शक्यतो फायबर वापरावी. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही. ज्या ग्रामपंचायतीत भारतनेटची फायबर पोचली आहे, तेथेही भिंतीवरील पेटीपासून लॅपटॉपपर्यंतची तार बहुधा तांब्याचीच असते, हे ध्यानी ठेवावे. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणला महापुराने वेढले, तसा प्रसंग आल्यास भिजलेले यंत्र उत्सुकतेपोटी सुरू करून पाहू नये. जाणकाराकडून ते उघडून, वाळवून घ्यावे.

नोंदीचे महत्त्व

बिघाड केव्हा झाला, दिवे कसे होते, काय बदलले आणि काय आढळले, याची चार ओळींची नोंद एका वहीत ठेवावी. पुढील बिघाडाच्या वेळी ती उपयोगी पडते आणि दुरुस्ती करणाऱ्यालाही नेमके सांगता येते. लॅपटॉप दुरुस्तीस देण्याआधी त्यातील माहितीची प्रत काढून घ्यावी; त्यात गावकऱ्यांची खाजगी कागदपत्रे असतात. दुरुस्तीनंतर जडवस्तू संग्रह नोंदवहीत नवा अडॅप्टर चढवावयास विसरू नये.

यंत्र बिघडणे हा कोणाचा अपराध नव्हे. परंतु बिघाड कोठे आहे हे न पाहता ‘नेट बंद आहे’ एवढे सांगून मोकळे होणे, हे दारात आलेल्या माणसावर अन्याय करणारे आहे. पुढच्या वेळी हे शब्द ओठांवर येण्याआधी पोर्टाशेजारचा तो इवला दिवा वाकून पाहावा. पुष्कळदा केबल नीट खोचताच तो लागेल आणि पऱ्हे ओलांडून आलेल्या पालकाला दाखल्याचे काम उरकून त्याच दिवशी घरी परतता येईल.