'स्त्रीपुरुषतुलना' : तुलना एक विचारपद्धती म्हणून

ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुषतुलना' (१८८२) हा निबंध पदव्युत्तर अभ्यासक्रमांत आता स्थिरावला आहे. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी तो पुनर्मुद्रित केला, त्यापूर्वी सुमारे नव्वद वर्षे तो जवळजवळ विस्मृतीत गेला होता. त्याचे अध्यापन मात्र बहुधा एकाच अंगाने होते. बाईंचा संताप, त्यांची बोलीभाषेची धार, त्यांचा उपरोध यांवर व्याख्याने होतात. शीर्षकातील 'तुलना' या शब्दाकडे कोणी वळून पाहत नाही. तो शब्द केवळ निमित्तमात्र नाही. दोन वर्गांतील भेद कसा पारखावा, याची एक निश्चित पद्धती या निबंधात आहे आणि त्याच काळात यूरोपातील मान्यवर शास्त्रज्ञ जी पद्धती वापरीत होते, तिच्याहून ती अधिक सावध आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

निबंधाचे निमित्त सर्वपरिचित आहे. १८८१ मध्ये सुरत येथे विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेवर अर्भकहत्येचा खटला चालला. तिला फाशीची शिक्षा झाली व अपिलात ती सौम्य करण्यात आली. या प्रकरणावरून वृत्तपत्रांत जी चर्चा उसळली, तीत एका स्त्रीच्या कृत्यावरून समस्त स्त्रीजातीच्या स्वभावाविषयी निष्कर्ष काढले गेले. बुलढाण्यात वडिलांच्या हाताखाली घरीच शिकलेल्या ताराबाईंनी या निष्कर्षाला उत्तर दिले.

येथे एका शब्दापाशी थांबणे आवश्यक आहे. निबंधाच्या पूर्ण शीर्षकात स्त्रिया व पुरुष यांत 'साहसी' कोण, असा प्रश्न आहे. आजचा विद्यार्थी 'साहसी' म्हणजे धाडसी, शूर असा अर्थ घेतो आणि शीर्षकच उलटे वाचतो. धर्मशास्त्रात 'साहस' हे व्यवहारपद आहे. बळजोरीने, दंडभय न बाळगता केलेले दुष्कृत्य, असा त्याचा आशय. स्त्रीला संशयांचा भोवरा, अविनयाचे घर, साहसांचे नगर, दोषांचे भांडार अशी विशेषणे देणारा भर्तृहरीच्या नावावरील श्लोक तेव्हा सुशिक्षितांच्या तोंडी असे. ताराबाईंच्या शीर्षकातील 'साहसी' त्या परंपरेतून येतो. प्रश्न शौर्याचा नाही, अपराधाचा आहे.

बाईंनी हाच श्लोक पुढे घेऊन त्यातील एकेक दोष तपासला आहे, आणि निबंधाचे मर्म या तपासणीत आहे. दोष मुळात नाहीतच, असा सोपा बचाव त्या करीत नाहीत. स्त्रियांच्या मनात संशय असतात हे त्या मान्य करतात. पण ज्यांना शिक्षण नाही, ज्यांचे जग घराच्या चार भिंतींत संपते, त्यांचे संशय घरगुती क्षुद्र गोष्टींपुरते असणार, असे त्या दाखवितात आणि लगेच विचारतात : हाच दोष पुरुषांच्या ठायी आहे की नाही? असल्यास त्याचे क्षेत्र किती मोठे, परिणाम किती भयंकर? कपटाच्या बाबतीतही तोच क्रम. बायको मेल्यावर पुरुष काही दिवसांत दुसरी करतो, नवरा मेल्यावर स्त्रीला कोपऱ्यात बसावे लागते. दुःख एकच असता नियम दोन का, हा त्यांचा प्रश्नही याच जातीचा आहे. गुण वा दोष एक ठेवायचा, परिस्थिती निराळी आहे हे दाखवायचे आणि मग जो भेद उरेल तेवढ्याचेच कारण स्वभावात शोधायचे, असा हा तर्क आहे. ताराबाईंनी तो अशा परिभाषेत कोठेही मांडलेला नाही. परंतु पद्धती परिभाषेवाचूनही असू शकते.

आता त्याच काळातील शास्त्राकडे पाहू. पॅरिस येथील पॉल ब्रोका यांनी २९२ पुरुषांच्या व १४० स्त्रियांच्या मेंदूंची वजने मांडली होती. सरासरी अनुक्रमे १३२५ व १1४४ ग्रॅम, म्हणजे १८१ ग्रॅमचा फरक. स्त्रीचे शरीरच लहान असते, तेव्हा मेंदूही लहान असणार, ही शंका ब्रोका यांना सुचली नव्हती असे नाही. १८६१ मध्ये त्यांनी तिचा उल्लेख केला. पण स्त्रिया बुद्धीने किंचित कमी असतात हे ज्ञातच आहे, तेव्हा फरकाचा काही भाग त्या उणिवेचा मानावा, असे म्हणून त्यांनी ती बाजूस सारली. जे सिद्ध करावयाचे तेच येथे गृहीत धरले आहे. पुढे स्टीफन जे गूल्ड यांनी याच आकड्यांना उंची व वय यांची दुरुस्ती लावली, तेव्हा फरक ११३ ग्रॅमवर आला, आणि उरलेल्या फरकातही देहयष्टीचा वाटा किती हे त्या नोंदींवरून सांगता येत नाही. (केवळ वजनावर बुद्धी ठरावयाची तर सुमारे पाच किलो मेंदू बाळगणाऱ्या हत्तीला विद्यापीठात अध्यासन द्यावे लागेल.) तरीही १८८७ मध्ये जॉर्ज रोमेनिस यांनी स्त्रीच्या मेंदूतील सुमारे पाच औंसांच्या तुटीवरून तिच्या बौद्धिक शक्तीचे अनुमान केले. म्हणजे ताराबाईंचा निबंध छापला गेल्यावर पाच वर्षांनी.

हा वाद महाराष्ट्रात पोहोचलाच नव्हता असे समजणे चूक होईल. मात्र तो मेंदूच्या वजनाच्या रूपाने न येता शिक्षणक्रमाच्या रूपाने आला. पुण्यात १८८४ मध्ये मुलींचे हायस्कूल निघाले आणि १८८७ मध्ये टिळकांच्या पक्षाने त्याच्या अभ्यासक्रमावर कडाडून टीका केली. मुलींना मुलांचेच शिक्षण कशाला, असा तिचा रोख होता. आगरकरांनी 'सुधारका'तून याच्या उलट, स्त्रीपुरुषांना एकच शिक्षण द्यावे व तेही एकत्र द्यावे, असा पक्ष घेतला. आगरकरांच्या अभ्यासकांनी एक गोष्ट अधिक बारकाईने पाहावयास हवी. त्यांचे दोन वैचारिक गुरू, मिल व स्पेन्सर, नेमके याच प्रश्नावर परस्परविरोधी होते. स्त्रीचा म्हणून जो स्वभाव आज दिसतो तो कृत्रिम परिस्थितीचे फळ आहे, असे मिलचे १८६९ मधील प्रतिपादन. स्त्रीची वैयक्तिक वाढ प्रजननशक्ती राखण्यासाठी लवकर थांबते, असे स्पेन्सरचे १८७३ मधील प्रतिपादन. उत्क्रांतीचा व्यापक विचार स्पेन्सरकडून घेऊनही या मुद्द्यावर आगरकर मिलच्या बाजूस राहिले. अव्वल इंग्रजी शिक्षणाने त्यांना जेथे पोहोचविले, त्याच्या जवळपास ताराबाई श्लोकाची चिरफाड करीत आधीच पोहोचल्या होत्या, हे वाङ्मयेतिहासात नोंदविण्याजोगे आहे.

तो वाद मिटलेला नाही. त्याचे स्वरूप तेवढे बदलले आहे. जॅनेट हाइड यांनी २००५ मध्ये ४६ संकलित विश्लेषणांचा आढावा घेतला, तेव्हा मानसिक भेदांपैकी ७८ टक्के भेद अत्यल्प वा नगण्य ठरले. त्याचबरोबर चेंडू फेकण्याचा वेग, शारीरिक आक्रमकता अशा काही बाबतींत लक्षणीय भेद आढळले, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. दाफ्ना जोएल व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये चौदाशेहून अधिक मेंदूंच्या प्रतिमा पाहून, बहुतेक मेंदू 'स्त्री' व 'पुरुष' लक्षणांचे मिश्रण असतात असे मांडले. त्यावर इतरांनी असा आक्षेप घेतला की सर्व लक्षणे एकत्र घेतली तर मेंदूवरून लिंग बऱ्याच अचूकतेने ओळखता येते. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. ओळख पटणे निराळे आणि कुवतीत तफावत असणे निराळे. चेहऱ्यावरूनही लिंग ओळखता येते, त्यातून गणित येते की नाही हे कळत नाही.

या संशोधनातील एक प्रयोग ताराबाईंच्या वाचकाला विशेष ओळखीचा वाटेल. २०११ मध्ये मोशे हॉफमन, उरी ग्नीझी व जॉन लिस्ट यांनी ईशान्य भारतातील खासी व कार्बी या शेजारी समाजांतील सुमारे १३०० व्यक्तींना चार तुकड्यांचे एक कोडे जुळवावयास दिले. पितृवंशीय कार्बींमध्ये स्त्रियांना पुरुषांपेक्षा सुमारे ३६ टक्के अधिक वेळ लागला. मातृवंशीय खासींमध्ये असा फरक दिसला नाही. आकारज्ञानातील भेद हा जैविक मानण्याचा प्रघात आहे. येथे परिस्थिती बदलताच तो मावळला. अर्थात अवघ्या आठ गावांवरून आणि एका कोड्यावरून मानवजातीचा स्वभाव ठरवू नये, तसे करणे म्हणजे ब्रोकांचीच वाट धरणे होय. पण येथे प्रश्न ज्या रीतीने विचारला आहे ती रीत ताराबाईंची आहे.

बाईंनी ही रीत सर्वत्र पाळली, असा दावा करता येणार नाही. कित्येक ठिकाणी त्याही स्त्रीच्या मायाळूपणाला उपजत मानतात आणि मग पुरुषाच्या दुष्टपणाला उपजत मानण्याचा मोह त्यांना आवरत नाही. त्या क्षणी तुलना थांबून उलटा आरोप सुरू होतो. वेश्यांविषयी लिहिताना तर त्यांची सहानुभूती आटते. ज्या स्त्रीला दारिद्र्याने वा फसवणुकीने त्या मार्गास लावले, तिच्या परिस्थितीचा हिशेब त्यांनी विधवेच्या बाबतीत केला तसा केला नाही. पातिव्रत्याची कल्पनाही त्या समूळ टाकीत नाहीत. पत्नीने देव मानावे तर पतीने देवासारखे वागावे, एवढीच त्यांची मागणी असते. या त्रुटी दाखविताना त्यांची मापे आपल्याच हातची आहेत, हे विसरू नये. महात्मा फुले यांनी १८८५ मध्ये 'सत्सारा'च्या दुसऱ्या अंकात या निबंधाची बाजू घेतली, यावरून सत्यशोधक वर्तुळातही त्याला विरोध झाला होता हे उघड होते. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आल्याचे आढळत नाही.

सुरतेच्या प्रकरणाकडे पुन्हा वळले तर निबंधाची रचना अधिक उलगडते. मूल जन्मास येण्यास दोघे कारण; शिक्षा झाली ती एकटीला, आणि वृत्तपत्रांत स्वभावाची चर्चा झाली तीही तिच्याच जातीची. ज्या पुरुषाशी तिची तुलना व्हावयास हवी होती, त्याला कोणी समोर उभे केले नाही. ताराबाईंनी आपल्या निबंधात त्याला उभे केले.