आधी मासे, मग टाकी

मी मराठी विभागासाठी लिहितेय हे ऐकून आमच्या वर्गात दोघांना ठसका लागला. मी कॉन्व्हेंटमधली. अडुसष्ट आणि अठ्ठ्याहत्तर यांत माझी अजूनही गल्लत होते, म्हणून या लेखातले आकडे शक्यतो अंकातच लिहिले आहेत. चालवून घ्या.

विषय आहे फिशटँक. घरात मोठी टाकी घ्यायची आणि तिच्यात वेगवेगळ्या जातींचे मासे एकत्र ठेवायचे (याला कम्युनिटी टँक म्हणतात), तर आधी काय बघायचं? हे मला कोणी शिकवलं नाही. आमच्या घरी दीड वर्षात ११ मासे मेले, त्यातून शिकले.

सुरुवात आजोबांपासून. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय २०१५ साली नूतनीकरणानंतर पुन्हा उघडलं, तेव्हा आजोबा मला तिथे घेऊन गेले होते. मी १० वर्षांची होते. त्या अ‍ॅक्रिलिकच्या बोगद्यात आजोबा इतका वेळ वर बघत उभे राहिले की मागचे लोक कुरकुर करायला लागले. पुढे आजी गेली, आजोबांचे गुडघे दुखायला लागले, जिना उतरणं बंद झालं. दिवसभर खुर्चीत बसून करणार काय? म्हणून बाबांनी दीड फुटी टाकी आणली आणि आजोबांच्या खुर्चीसमोर टेबलावर ठेवली. त्यात दोन गोल्डफिश, दोन एंजल, चार टायगर बार्ब आणि काच साफ करायला एक सकर. दुकानदाराला मी विचारलं होतं, "दादा, हे सगळे एकत्र राहतील ना?" तो म्हणाला, "राहतात ताई, काही होत नाही."

टाकी आणली त्याच दिवशी पाणी भरलं, त्याच दिवशी मासे सोडले. चौथ्या दिवशी पाणी दुधासारखं पांढुरकं झालं, गोल्डफिश वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. आईने काय करावं? सगळं पाणी फेकून दिलं, दगड नि स्पंज नळाखाली खळखळून धुतले आणि पुन्हा ताजं पाणी भरलं. आम्हाला वाटलं, आता काय, चकाचक! दोन दिवसांत दोन्ही गोल्डफिश गेले. एंजल जगले, पण टायगर बार्बनी त्यांचे पर कुरतडून कंगव्यासारखे केले. मग तेही गेले. आम्ही परत नवीन मासे आणले, परत तेच. आजोबा काही बोलायचे नाहीत. मासा मेला की सकाळी फक्त म्हणायचे, "अगं, ती जाळी आण जरा."

आता यातली केमिस्ट्री बघू. फर्स्ट इयरला आपण ही पाठ केली आणि विसरलो. मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं अन्न सडलं की अजून अमोनिया. अमोनिया विषारी, आणि पाणी जितकं अल्कधर्मी आणि गरम तितका जास्त विषारी. निसर्गात एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात (तेही विषारीच), दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं, ते झाडं घेतात किंवा आपण पाणी बदलून काढतो. हे जिवाणू स्पंजवर, दगडांवर वसतात आणि त्यांची वस्ती तयार व्हायला ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणजे आमच्या पहिल्या टाकीत वस्ती नव्हतीच, आणि जी काही जमायला लागली होती ती आईने क्लोरीनच्या पाण्याने धुऊन काढली. स्पंज धुवायचा तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा, नळाखाली कधीच नाही. एवढं एक वाक्य जरी लक्षात ठेवलंत तरी या लेखाचं काम झालं.

लहान टाकी सोपी असते हा गैरसमजही इथेच फुटतो. टाकीची क्षमता काढायची तर लांबी, रुंदी, उंची इंचांत घ्या, गुणा आणि ६१ ने भागा, लिटर मिळतील. आमची जुनी टाकी १८ × १० × १२ इंच, म्हणजे ३५ लिटर. दगड आणि वरची मोकळी जागा सोडली तर ३०. चार फुटी टाकी, म्हणजे ४८ × १८ × १८ इंच, होते २५५ लिटर, प्रत्यक्ष पाणी साधारण २२०. तेच मासे, तेवढाच अमोनिया, पण सातपट पाण्यात. एक मासा रात्री मेला आणि सकाळपर्यंत कळलं नाही, तर ३० लिटरमध्ये बाकीच्यांचंही काही खरं नाही. २२० लिटरमध्ये तुम्हाला वेळ मिळतो. मे महिन्यात दुपारी खोली तापते तेव्हाही मोठी टाकी हळूहळू तापते. पाणी २५ अंशांवर असताना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरून ठेवतं, ३२ अंशांवर ७.३. पनवेलच्या उन्हाळ्यात महावितरणने वीज नेली आणि एअर पंप बंद पडला, की हा एक मिलिग्रॅमसुद्धा महत्त्वाचा वाटायला लागतो.

आता आकार. दुकानात उंच टाक्या फार छान दिसतात. घेऊ नका. आमच्या मेकॅनिकलवाल्यांच्या आवडीचा भाग आहे म्हणून सविस्तर सांगते. पाण्याचा दाब फक्त खोलीवर अवलंबून असतो, टाकी दोन फूट लांब असो की दहा. पण समोरच्या काचेवरचा एकूण जोर खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चार फूट लांब काच आणि ४५ सें.मी. पाणी धरलं तर जोर येतो साधारण १२० किलो वजनाएवढा. तीच टाकी ६० सें.मी. उंच केली तर २२० किलो! उंची वाढली एक तृतीयांशाने, जोर वाढला जवळजवळ पावणेदोन पट. काच जाड लागणार, सिलिकॉनवर ताण जास्त, पैसे जास्त. आणि माशांना त्याचा उपयोग काय? बहुतेक मासे आडवे पोहतात, आणि ऑक्सिजन पाण्यात शिरतो तो वरच्या पृष्ठभागातून. म्हणून पसरट, लांब टाकी बरी. आम्ही १८ इंचच उंची ठेवली, १० मि.मी. काच घेतली आणि खाली थर्माकोलची शीट टाकली, म्हणजे स्टँडचा एखादा उंचवटा काचेच्या एकाच बिंदूला टोचत नाही.

हे सगळं आम्ही राहतो त्या तिसऱ्या मजल्यावर चढवायचं तर आईचा पहिला प्रश्न: "स्लॅब पडणार नाही ना?" हसू नका, प्रश्न बरोबर आहे. पाणी २२०, काच ५०, दगड-वाळू आणि स्टँड मिळून ६०, म्हणजे सुमारे ३३० किलो, आणि ते जेमतेम अर्ध्या चौरस मीटरवर. सिव्हिलच्या मैत्रिणीने आय. एस. ८७५ दाखवलं: राहत्या घराच्या जमिनीसाठी वापराचा भार दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन धरतात, म्हणजे साधारण २०० किलो. आमचा हिशोब आला त्याच्या जवळपास तिप्पट. मी घाबरले. ती म्हणाली, हा भार पूर्ण खोलीवर धरलेला असतो, तुमची बाकीची खोली काही माणसांनी गच्च भरलेली नाही. तरीही टाकी खोलीच्या मधोमध नको आणि बाल्कनीत तर नकोच, खाली बीम असलेल्या भिंतीला लावून ठेवायची. बिल्डिंग जुनी असेल, स्लॅबला तडे किंवा गळती असेल, तर आधी जाणकार माणसाला दाखवा. आम्ही बीमवरच्या भिंतीला लावली. आजोबांची खुर्ची तिकडे हलवावी लागली, त्यावर थोडी कुरबूर झाली.

पण पनवेलमध्ये खरा प्रश्न स्लॅबचा नाही, पाण्याचा आहे. जुन्या पनवेलला देहरंग धरणाचं पाणी. उन्हाळ्यात धरण खाली गेलं की एक दिवसाआड पाणी, मग टँकर. अशा वेळी आम्ही २२० लिटरची टाकी आणली म्हटल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी काका जिन्यातच म्हणाले, "इथे माणसांना पाणी नाही, आणि तुम्ही मासे पाळताय?" मला राग आला, पण उत्तर देता आलं नाही. मग वहीत हिशोब केला. मासे कमी ठेवले आणि झाडं भरपूर लावली तर दहा दिवसांनी ४० लिटर बदललं तरी पुरतं. म्हणजे दिवसाला ४ लिटर, फ्लशच्या एका टाकीच्या निम्म्याहून कमी. शिवाय काढलेल्या पाण्यात नायट्रेट असतं, ते कुंड्यांना खतासारखं लागू पडतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडे टाकीत किती मासे ठेवायचे हे पुस्तकावरून नाही, मे महिन्यातल्या नळावरून ठरवावं.

नळाचं पाणी बादलीत २४ तास उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब. बोअरचं पाणी नुसत्या अंदाजाने वापरू नका. आमच्या बोअरचा टीडीएस ६०० च्या वर आला. मॉली, गप्पी, प्लॅटी यांना असं जड पाणी चालतं, टेट्रा मंडळींना नाही.

आता येऊ माशांकडे, जिथे सगळे चुकतात (आम्ही धरून). दुकानात दिसतो तो मासा बाळ असतो. आमचा दोन इंचांचा सकर मोठेपणी फूटभर किंवा जास्तही होतो. ऑस्करही तेवढाच. "एक इंच मासा, एक गॅलन पाणी" असा एक नियम सांगतात, तो इंजिनिअरने तरी मानू नये. लांबी दहापट झाली की वजन हजारपट होतं. दहा इंचांचा एक मासा म्हणजे एक इंचाचे दहा मासे नव्हेत.

दुसरं, स्वभाव. टायगर बार्ब दोन-चार ठेवले की दुसऱ्यांचे लांब पर कुरतडतात. आठ-दहांचा थवा असेल तर बरेचसे आपापसात भांडतात, तरी एंजलशेजारी नकोच. एंजल दिसायला देवदूत, पण तोंडात मावेल तो मासा गिळतो, त्यामुळे निऑन टेट्रा रात्रीतून गायब. फायटरचे दोन नर एकत्र कधीच नाहीत. गोल्डफिशला थंड पाणी आवडतं आणि तो घाणही फार करतो, त्याचं बिऱ्हाड वेगळं. फ्लॉवरहॉर्न एकटाच. वास्तूसाठी चांगला म्हणून अरोवाना आणणाऱ्यांना मी काय सांगणार? तो दोन-तीन फुटांचा होतो, वास्तूही तेवढी मोठी लागेल!

म्हणून आम्ही आधी कागदावर टाकीचे तीन मजले काढले. वरचा, मधला, तळाचा. आमच्या टाकीत वर १० झेब्रा डॅनिओ. हा आपला भारतीय मासा. गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या १८२२ च्या पुस्तकात हॅमिल्टनने त्याची नोंद केली, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये जनुकांच्या अभ्यासासाठी तोच वापरतात. मध्ये १० चेरी बार्ब आणि तीन पर्ल गौरामी (एक नर, दोन माद्या). तळाला सहा कोरी, त्यातही स्टर्बाय जात, कारण ती गरम पाण्यात टिकते. थव्याने राहणारे मासे सहापेक्षा कमी घेऊ नका, एकटे पडले की भेदरतात. मला डेनिसन बार्ब फार आवडला होता, केरळ-कर्नाटकातल्या पश्चिम घाटाचा. २०१३ साली त्याच्या प्रजातीला नावही सह्याद्रिया दिलं गेलं. पण तो संकटग्रस्त आहे आणि पुष्कळसे जंगलातल्या ओढ्यांतून पकडलेले असतात. मनावर दगड ठेवला.

मासे आणले क्रॉफर्ड मार्केटमधून. हार्बर लाइनच्या गर्दीत पिशवी छातीशी धरून दीड तास. "काय आहे? मासे? किती रुपये किलो?" असं एका मावशींनी विचारलं. पण ते टाकी भरल्यावर पाच आठवड्यांनी. तोवर रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकून जिवाणू वाढवले आणि टेस्ट किटने अमोनिया मोजला. आजोबा पाच आठवडे नुसत्या पाण्यासमोर बसले. "यात बघायचं काय?" मी म्हटलं, "आजोबा, जिवाणू." त्यांनी चष्मा पुसून खरंच बघितलं.

राहिला जुना सकर. सगळ्यांत चिवट, सगळ्या मरणांतून वाचलेला, आता आठ इंचांचा. नव्या टाकीत त्याने रोपं उपटली असती. शेजारचे म्हणाले, "वडाळे तलावात सोड, पुण्य लागेल." हे कृपया कोणी करू नका. हा दक्षिण अमेरिकेतला मासा आहे, आपल्याकडे त्याला खाणारं फारसं कोणी नाही. उजनी धरणात मच्छीमारांच्या जाळ्यांत हेच सकर येतात, काटेरी पराने जाळी फाडतात आणि बाजारात त्यांना भाव नाही. कोणीतरी घरातला नको झालेला मासा दया येऊनच सोडला असणार. आमच्या सकरसाठी दोन महिने घर शोधलं, तोपर्यंत तो बाथरूममधल्या टबात होता आणि आम्ही आंघोळीला शेजारच्या बाथरूममध्ये रांग लावायचो. शेवटी मैत्रिणीच्या काकांच्या सहा फुटी टाकीत गेला. आजोबांनी त्याच्याबरोबर काकडीचे काप डब्यात भरून दिले.

नव्या टाकीला आठ महिने झाले. एक चेरी बार्ब गेला, बाकी २८ आहेत. सेक्रेटरी काका दर दहा दिवसांनी कढीपत्त्यासाठी बादली घेऊन येतात आणि पाणी कमी पडलं तर मलाच बोलतात. आजोबा डॅनिओ मोजायचा प्रयत्न करतात, कधी ९ येतात, कधी १२. मागच्या आठवड्यात त्यांनी कुठेतरी फ्लॉवरहॉर्नचा फोटो बघितला, तेव्हापासून तो हवाय. मी अजून नाहीच म्हणतेय.