हिरड्यांतून रक्त कां येतें?

मुदखेड जंक्शनाच्या पलीकडील एका वस्तींत भेटीस गेलों असतां एका वृद्ध मावशींनीं तोंडावर पदर धरून सांगितलें, "ब्रश लावला का रगत येतं, पाळकसाहेब. मिसरी घासली का थांबतं बघा." दोन वर्षांपूर्वींही त्यांनीं हेंच सांगितलें होतें, व मीं उत्तर दिलें होतें, "मग कांहीं दिवस ब्रश बंद ठेवा, मावशी." मध्यंतरीं त्यांचे पुढचे तीन दांत हलून पडले. रोग जुनाच असावा. तरी माझा सल्ला चुकीचा होता, आणि तो आपल्या पुष्कळ घरांत अद्याप दिला जातो, म्हणून हा पाठ लिहीत आहें.

निरोगी हिरडीस मऊ ब्रशनें हळूच घासल्यास तिच्यांतून रक्त येत नाहीं. दांत व हिरडी यांच्या सांध्याशीं जंतूंचा एक चिकट थर रोज नव्यानें जमतो. तो तेथेंच राहिला म्हणजे हिरडी सुजते, लाल होते आणि स्पर्श होतांच तिच्यांतून रक्त येतें. १९६५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत हाराल्ड लोए व त्यांचे सहकारी यांनीं डेन्मार्क देशांत बारा निरोगी माणसांस दांत घासणें बंद करावयास लावलें. १० ते २१ दिवसांत त्या सर्वांच्या हिरड्या सुजल्या. घासणें पुन्हां सुरू केल्यावर सुमारें आठवड्याभरांत त्या पूर्ववत् झाल्या. त्यांपैकीं बहुतेक जण दंतवैद्यकीचेच विद्यार्थी होते. पण विद्येनें कोणाची हिरडी वाचली नाहीं!

तेव्हां रक्त दिसलें कीं ब्रश टाकावयाचा नसून, त्याच जागीं हलक्या हातानें अधिक नीट फिरवावयाचा आहे. या अवस्थेंत रोग पूर्ण बरा होतो.

आतां मिसरीनें रक्त थांबतें तें कसें? मिसरी म्हणजे तव्यावर काळी होईतों भाजून कुटलेली तंबाखूच. तंबाखूंतील निकोटिननें बारीक रक्तवाहिन्या आकसतात. बिडी ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून याच कारणानें रक्त कमी येतें, व आंतून दांताचा आधार जात असतांही त्यांस आपण बरे आहों असें वाटतें. रोग राहतो, त्याची खूण तेवढी मिटते. घरांत चोर शिरला असतां भुंकणाऱ्या कुत्र्याचें तोंड बांधावें, तसाच हा प्रकार. शिवाय जेथें तंबाखू रोज लागते तेथील हिरडी खालीं सरकून दांताचें मूळ उघडें पडतें. तोंडाच्या कर्करोगाचें भय निराळेंच. गर्भवती स्त्रीनें मिसरी लावल्यास मूल कमी वजनाचें जन्मण्याचा संभव वाढतो. तंबाखू घातलेल्या दंतमंजनांवर सरकारनें १९९२ सालीं बंदी घातली. परंतु आपल्या चुलीवरील तव्यापर्यंत तो कायदा कसा पोंचावा?

जंतूंचा थर फार दिवस राहिला कीं लाळेंतील क्षारांनीं तो दगडासारखा कठीण होतो. यालाच आपण कीटण म्हणतों. तें ब्रशनें निघत नाहीं. पुढें हिरडी दांतापासून सुटून मध्यें खिसा पडतो, त्यांत पू होतो, तोंडास दुर्गंधी येते, आणि दांताला धरून ठेवणारें हाड झिजूं लागतें. हाच पायोरिया. गेलेलें हाड बहुधा परत येत नाहीं. उपचारानें पुढील नाश थांबवितां येतो. उपचार म्हणजे दंतवैद्याकडून कीटण काढविणें, व खिसे खोल असल्यास मुळेंही साफ करविणें. "सफाई केली कीं दांत ढिले होतात" असें लोक म्हणतात. दांत आधींच ढिले झालेले असतात. कीटणानें तें झांकलेलें असतें, इतकेंच. मिठाच्या कोमट पाण्यानें चूळ भरल्यास बरें वाटतें खरें, पण त्यानें कीटण विरघळत नाहीं.

मधुमेह असणाऱ्यांनीं विशेष जपावें. रक्तांतील साखर वाढली कीं हिरड्यांचा रोग बळावतो, आणि हिरड्या बिघडल्या कीं साखर आटोक्यांत आणणें कठीण जातें.

सकाळीं व रात्रीं निजण्यापूर्वीं दोन दोन मिनिटें, मऊ ब्रशनें, केस हिरडीच्या कडेकडे तिरपे धरून घासावें. दांतांची आंतली, जिभेकडील बाजू बहुतेक सर्वच विसरतात. कडुलिंबाचें दांतण वापरावयाचें तर चावून चांगलें मऊ करावें. राखुंडी, कोळसा व विटेची भुकटी यांनीं दांत झिजतो, तीं सोडावींत. पू, ताप वा गालास सूज आल्यास, किंवा तोंडांतील जखम अथवा पांढरा वा लाल चट्टा दोन आठवड्यांत न गेल्यास, दवाखान्यांत जाण्यास विलंब करूं नये.

मावशी सुनेबरोबर गाडीनें नांदेडास जाऊन कीटण काढवून आल्या. पुढें आठ-दहा दिवस ब्रशला रक्त लागलें, मग थांबलें. मिसरी मात्र पुरती सुटलेली नाहीं. सकाळची सुटली आहे, दुपारची अजून चालूच आहे.