खड्डा खणण्यापूर्वी

उद्दिष्टे
हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला
• शोषखड्ड्यासाठी जमीन योग्य आहे की नाही, याची पारख करता येईल;
• भूजलातील नायट्रेटचा धोका समजावून सांगता येईल.

मूळ पाठ

घरी शौचालय बांधायचे ठरले की पहिली चर्चा होते ती विटा, सिमेंट आणि खर्च यांची. सांडपाणी कोठे जिरवायचे, हा प्रश्न बहुधा शेवटी येतो. परसातील मोकळी जागा पाहून शोषखड्डा खणला जातो. त्याच परसात पिण्याच्या पाण्याची विहीर असली, तरी तिचा विचार होतोच असे नाही. शौचालयामुळे रोगराई आटोक्यात येते, यात शंका नाही. परंतु डोळ्यांआड गेलेले सांडपाणी नाहीसे झालेले नसते. ते जमिनीखाली आपला प्रवास चालूच ठेवते.

सेप्टिक टाकीत घन मळ तळाशी बसतो आणि वरचे पाणी शोषखड्ड्यात जाते. त्या पाण्यातील पुष्कळसे रोगजंतू मातीच्या कणांत अडकतात व कालांतराने मरतात. या अर्थाने माती ही निसर्गाची गाळणी आहे. मात्र ही गाळणी सर्वच काही अडवू शकत नाही. मलमूत्रातील नत्राचे टाकीत अमोनियात रूपांतर होते. पुढे हवा खेळणाऱ्या मातीत सूक्ष्म जीव त्याचे नायट्रेट बनवतात. नायट्रेट पाण्यात सहज विरघळते आणि मातीच्या कणांना चिकटत नाही. त्यामुळे ते पाण्याबरोबर थेट भूजलापर्यंत पोहोचते. जंतूंना अडवणारी उत्तम मातीही नायट्रेटला अडवीलच, असे मानता येत नाही.

नायट्रेटला रंग नाही, वास नाही. पाणी उकळल्याने ते जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. तुरटी व क्लोरीन यांचाही त्यावर उपयोग होत नाही. अमेरिकेतील आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी १९४५ साली एक गंभीर गोष्ट निदर्शनास आणली. नायट्रेटयुक्त विहिरीच्या पाण्यात कालवलेले दूध पाजलेली तान्ही मुले निळसर पडत होती. नायट्रेटपासून शरीरात नायट्राइट तयार होते आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते. सहा महिन्यांच्या आतील बाळांना हा धोका सर्वाधिक असतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट असू नये.

मग जमिनीची पारख कशी करावी? नियोजित शोषखड्ड्याच्या खोलीइतका एक लहान खड्डा खणावा. त्यात पाणी भरून माती रात्रभर भिजू द्यावी. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी घालून पातळी अडीच सेंटिमीटर उतरण्यास किती वेळ लागतो, ते पाहावे. एक तासाहून अधिक वेळ लागला, तर साधा शोषखड्डा तेथे चालणार नाही. पाणी क्षणार्धात नाहीसे झाले, तरी समाधान मानू नये. अशा जमिनीत गाळण्याचे काम नीट होत नाही.

रात्रभर भिजवण्यास विशेष कारण आहे. दख्खनच्या पठारावरील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. तेव्हा पाणी भेगांतून झरझर उतरते. भिजल्यावर मात्र ती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी तुंबते. या मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण असतो. पाषाणाच्या फटींतून सांडपाणी न गाळता विहिरीपर्यंत जाऊ शकते. म्हणून मातीचा थर किती जाड आहे, हेही पाहिले पाहिजे.

भूजलाची पातळी वैशाखात नव्हे, तर पावसाळा संपताना पाहावी. खड्ड्याचा तळ त्या पातळीच्या निदान दोन मीटर वर असावा. खड्डा विहिरीच्या उताराकडील बाजूस आणि तिच्यापासून किमान दहा मीटर दूर असावा. भेगाळ खडक असल्यास हे अंतर आणखी वाढवावे. शेजाऱ्यांचे खड्डेही मोजावेत, कारण दाट वस्तीत सर्वांचे नायट्रेट एकाच भूजलात मिसळते. शेणाचे उकिरडे आणि शेतातील खते त्यात भर घालतात.

एवढी काळजी घेऊनही पाण्याची तपासणी टाळू नये. पावसाळ्यानंतर विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. नायट्रेट अधिक आढळल्यास पिण्यासाठी दुसऱ्या सुरक्षित स्रोताचे पाणी वापरावे. बाळाला पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे. खड्डा एका दिवसात खणून होतो. बिघडलेले भूजल सुधारण्यास मात्र अनेक वर्षे लागतात.

आपण काय शिकलो?
• माती जंतूंना बऱ्याच प्रमाणात अडवते. नायट्रेट मात्र पाण्याबरोबर पुढे जाते.
• पाणी जिरण्याचा वेग, मातीची जाडी, भूजलाची पातळी आणि विहिरीचे अंतर या चारही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

स्वाध्याय
१. पाणी उकळून नायट्रेटचा धोका का टळत नाही?
२. काळ्या जमिनीची परीक्षा कोरड्या खड्ड्यात घेतल्यास कोणती फसगत होईल?
३. तुमच्या घराजवळील विहीर, शौचालये व जमिनीचा उतार दाखवणारा नकाशा काढा आणि विहीर सुरक्षित आहे का, यावर दहा ओळी लिहा.