टाकळा की कासविंदा?

ओंकार : आत्या, बाजारात टाकळ्याच्या जुड्या आल्यात. हा तर आपल्या बांधावर फुकटच उगवतो ना?

आत्या : बांधावर, रस्त्याकडेला, उकिरड्यावर, कुठंही. पण त्या बाईने पावसात भिजत खुडलाय, पैसे त्याचे. घासाघीस करू नकोस. गोव्यात यालाच तायकिळो म्हणतात आणि विदर्भात तरोटा.

ओंकार : वास केवढा उग्र!

आत्या : म्हणून तर गुरं सहसा तोंड लावत नाहीत. आपण कोवळा पाला घ्यायचा. पिवळी फुलं धरली की तो जून होतो, कडवट लागतो. बारीक चिर, लसूण-मिरचीवर परत, भिजवलेली मूगडाळ आणि वरून ओलं खोबरं. गोव्याकडे फणसाच्या आठळ्या घालतात, मला तीच भाजी जास्त आवडते. पहिल्यांदा खातोयस तर बेताने खा. सोनामुखीचा नातेवाईक आहे तो, पोट साफ करतो.

ओंकार : आणि बी? तेही खातात म्हणे.

आत्या : शेंगा वाळल्या की बी काढायचं, भाजायचं, दळायचं आणि कॉफीच्या जागी उकळायचं. जपान-कोरियात याच्या अगदी जवळच्या जातीचं बी भाजून चहा करतात. बियांतला डिंक तर कारखान्यात जातो. कुत्र्या-मांजरांचं डबाबंद खाणं घट्ट राहतं ना, त्यात तो वापरतात. युरोपात त्याला ई ४२७ असा क्रमांक आहे.

ओंकार : मग यंदा दिवाळीनंतर मीही बी गोळा करतो.

आत्या : आधी कासविंदा ओळखायला शीक! त्याला काही ठिकाणी रानटाकळा म्हणतात, तिथेच घोटाळा होतो. पश्चिम उत्तर प्रदेशात बिजनोर, सहारनपूरकडे दर वर्षी पावसाळा सरता सरता लहान मुलं दगावायची. ताप, उलट्या, मग बेशुद्धी. बरीच वर्षं तो मेंदूज्वर समजला गेला. बालरोगतज्ज्ञ विपिन वशिष्ठ, विषाणूतज्ज्ञ टी. जेकब जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छडा लावला : मुलांनी खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगांतलं बी खाल्लेलं असायचं. यकृत, स्नायू आणि मेंदू, तिन्हींवर त्या विषाचा घाला. २००७ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं.

ओंकार : बाप रे. मग ओळखायचं कसं?

आत्या : पानं मोज. टाकळ्याच्या एका देठावर पानांच्या तीन जोड्या, टोकं गोलसर, शेवटची जोडी सगळ्यांत मोठी. कासविंद्याला चार-पाच जोड्या आणि टोकं अणकुचीदार. टाकळ्याची शेंग वीतभर लांब, बारीक, विळ्यासारखी वाकडी. कासविंद्याची आखूड आणि चपटी. बीही वेगळं : टाकळ्याचं चकचकीत, दोन्ही टोकं तिरपी छाटल्यासारखी, कासविंद्याचं चपटं, मळकट.

ओंकार : पण शेंगा वाळेपर्यंत पानं झडली असली तर?

आत्या : म्हणूनच आत्ता, पाला हिरवा असताना झाडं हेरून ठेव आणि त्यांना चिंध्या बांध. दिवाळीनंतर फक्त चिंधीवाल्या झाडांचंच बी घ्यायचं.