आखूड अँटेनाची किंमत

हौशी रेडिओची परीक्षा उत्तीर्ण होऊन ज्यांच्या हाती नुकताच परवाना पडला आहे, अशा शहरवासी मंडळींची पहिली तक्रार बहुधा जागेविषयीच असते, आणि ती तक्रार खोटी नव्हे. ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर, जेथे आपल्या देशातील हॅम मंडळींचे नित्याचे संभाषण चालते तेथे, अर्ध्या तरंगलांबीचा साधा डायपोल बांधावयाचा तर २० मीटर तार ताणावी लागते, आणि डोंबिवलीतील माझ्या घराची गॅलरी पुरती ३ मीटरही भरत नाही. तथापि या गॅलरीतून, इमारतीच्या गच्चीवरून, आणि सुटीच्या दिवशी पाठपिशवीत मावेल एवढ्या सामानानिशी माळावरून व डोंगरमाथ्यावरून पुष्कळ वर्षे संभाषणे केल्यानंतर माझे ठाम मत असे झाले आहे, की जागेची उणीव हा या छंदातील मुख्य अडसर नव्हे. आखूड अँटेना लांब अँटेनाचे काम विनामूल्य करून देतो, हा जो समज सर्वत्र पसरला आहे तो मुख्य अडसर होय. अँटेना आखूड केला की त्याची किंमत कोठे ना कोठे मोजावीच लागते. कधी ती वाया जाणाऱ्या उष्णतेच्या रूपाने द्यावी लागते, कधी काही किलोहर्ट्झांपुरत्या उरलेल्या रुंदीच्या रूपाने, तर कधी अंगावर येणाऱ्या विद्युद्दाबाच्या रूपाने; आणि आपण यांपैकी कोणती किंमत देत आहोत हे ज्याने आधी समजून घेतले, त्याला छोट्या जागेतही या छंदाचा पुरेपूर आनंद मिळतो.

मला हे ज्या अँटेनाने शिकविले तो म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची अडीच मीटर उंचीची छडी आणि तिच्या तळाशी बसविलेले तारेचे वेटोळे. विक्रेत्याच्या जाहिरातीत असे आश्वासन होते, की कोणत्याही पट्ट्यावर एसडब्ल्यूआर, म्हणजे स्थिर-तरंग गुणोत्तर, दीडच्या आत राहील. आणि ते आश्वासन अक्षरशः खरे ठरले. गॅलरीच्या कठड्याला छडी आवळून, वेटोळ्यावरील चिमटा योग्य फेऱ्यावर लावला, की मापकाचा काटा जवळजवळ एकावर येऊन स्थिर होई. इतके असूनही सकाळच्या नेटवर, म्हणजे ठरल्या वेळी भरणाऱ्या हॅम मंडळींच्या सामूहिक संभाषणात, मी दिलेली हाक क्वचितच कोणाच्या कानी पडे, आणि पडली तरी उत्तर देणाऱ्याला माझे संकेतनाम दोन-तीनदा विचारून घ्यावे लागे.

याचे कारण साध्या गणितात आहे. ७.१ मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे ४२ मीटर येते, आणि तिच्या तुलनेने अडीच मीटरची छडी इतकी आखूड ठरते, की तिचा किरणोत्सर्जन-रोध सव्वा ते दीड ओहमच्या आसपासच राहतो. याउलट वेटोळ्याच्या तारेतील, गंजलेल्या कठड्यातील व भिंतीतील हानी मिळून सहज ४५ ओहम भरते. या दोहोंची बेरीज पन्नासाच्या जवळ जात असल्यामुळे मापक संतुष्ट होतो. पण ५० वॉट दिले असता त्यांतील जेमतेम दीड वॉट आकाशात जातो आणि उरलेले सारे वेटोळे व भिंत तापविण्यात खर्ची पडते. निव्वळ ५० ओहमचा रोधक यंत्राच्या तोंडाशी जोडला, तर एसडब्ल्यूआर निर्दोष मिळेल, मात्र आवाज शेजारच्या गल्लीतही पोहोचणार नाही. यास्तव माझे पहिले सांगणे असे, की एसडब्ल्यूआरचा काटा आपल्या यंत्राच्या सुरक्षिततेची ग्वाही देतो. अँटेनाच्या गुणवत्तेची ग्वाही देण्याचा अधिकार त्याला नाही.

या गोष्टीचा पडताळा मला एका मोकळ्या माळावर मिळाला. तीच छडी जमिनीत रोवलेल्या खुंटीवर उभी करून मी तिच्या बुडाशी तांब्याच्या आवरणयुक्त तारा एकेक करून जोडू लागलो आणि चाकाच्या आऱ्यांसारख्या चहूबाजूंस पसरीत गेलो. जसजशा तारा वाढत गेल्या, तसतसा मापकाचा काटा एकापासून दूर सरकत दोनाच्या पुढे गेला. जाहिरातीच्या निकषाने पाहिले तर अँटेना बिघडत चालला होता. पण त्याच वेळी मी डब्ल्यूएसपीआर या क्षीणशक्ती-पद्धतीने संकेत सोडीत होतो, आणि दूरदूरच्या ग्राहक केंद्रांनी नोंदविलेले डेसिबेलांचे आकडे चढत गेले होते. अर्थ उघड होता. जमिनीतील हानी घटली, म्हणून एकूण रोध पन्नासाच्या खाली आला, काटा हलला, आणि उत्सर्जित शक्ती मात्र सुमारे दुप्पट झाली. तेव्हापासून नव्या अँटेनासाठी पैसा खर्च करण्यापूर्वी जुन्या अँटेनाच्या पायाशी तार पसरावी, असे मी प्रत्येकास आवर्जून सांगतो. जमिनीवर टाकावयाच्या या तारांची लांबी काटेकोर मोजण्याचे कारण नाही. तार थोडी असेल तर दोन लांब तुकड्यांपेक्षा तिचे अनेक आखूड तुकडे करणे अधिक हितावह ठरते. जमिनीपासून उंच ताणलेल्या तारांचे शास्त्र मात्र निराळे आहे. त्या पाव तरंगलांबीच्या मापानेच कापाव्या लागतात.

दुसरी गोष्ट पट्ट्याच्या निवडीची. ७ मेगाहर्ट्झवर पांगळी ठरणारी तीच अडीच मीटरची छडी २८.४ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी पूर्ण भरते. तेथे वेटोळ्याची गरज उरत नाही, आणि बुडाशी चार तारा असल्या तर दिलेल्या शक्तीपैकी निम्म्याहून अधिक शक्ती कामी लागते. २१ मेगाहर्ट्झचा पुरा डायपोल पावणेसात मीटरांत बसतो, २८ चा पाच मीटरांत. ज्याच्याजवळ जागा अल्प आहे त्याने दिवसाच्या वेळी या वरच्या पट्ट्यांकडे वळावे, हा सृष्टीनेच दिलेला मार्ग आहे. सूर्यावरील डागांच्या सुमारे ११ वर्षांच्या चक्राशी या पट्ट्यांचे भाग्य निगडित असते, आणि सांप्रतच्या पंचविसाव्या चक्राचा बहर २०२४ च्या सुमारास आला. तो पुरता ओसरण्यापूर्वी त्याचा लाभ पदरात पाडून घ्यावा.

ज्यांना गॅलरीतून ७ किंवा १४ मेगाहर्ट्झवरच बोलावयाचे आहे, त्यांच्यासाठी चुंबकीय लूप हा प्रामाणिक पर्याय आहे. कारण तो आपली किंमत लपवीत नाही. एक मीटर व्यासाच्या लूपचा किरणोत्सर्जन-रोध १४ मेगाहर्ट्झला ओहमचा सुमारे दहावा भाग, आणि ७ मेगाहर्ट्झला तर ओहमच्या हजार भागांपैकी जेमतेम सहा भाग एवढाच असतो. म्हणून त्याची नळी तांब्याची व जाड असावी, आणि सांधे स्क्रूने आवळण्याऐवजी झाळलेले असावेत; एक सैल सांधा साऱ्या परिश्रमावर पाणी फिरवितो. त्याची रुंदी काही किलोहर्ट्झांचीच असल्यामुळे वारंवारता किंचित बदलली तरी कपॅसिटर पुन्हा जुळवावा लागतो. ह्या दोन गैरसोयी सोसता येतात. तिसऱ्या गोष्टीच्या बाबतीत मात्र हयगय चालत नाही. १०० वॉट दिले असता कपॅसिटरच्या टोकांमध्ये काही हजार व्होल्टांचा दाब निर्माण होतो. गॅलरीत लूप चालू असताना मूल तेथे खेळत आहे किंवा कोणी कपडे वाळत घालीत आहे, असे घडता कामा नये. मी स्वतः लूपला १० वॉटांवर देत नाही आणि प्रेषण चालू असेतोवर गॅलरीचे दार बंद ठेवतो.

एका टोकाने जोडलेल्या अर्ध्या तरंगलांबीच्या तारेचेही असेच आहे. ४९ : १ प्रमाणाचे रोहित्र वापरून ही तार जोडली, की ती ७ सोबत १४, २१ व २८ मेगाहर्ट्झवरही चालते, आणि गच्चीवरून मासेमारीच्या काचतंतूच्या काठीने तिरपी सोडता येते. पण तिच्या टोकांशी दाब प्रखर असतो, म्हणून टोक हाताच्या आवाक्याबाहेर असावे. आणि केबलच्या बाह्यावरणावरून विद्युत्प्रवाह घरात शिरू नये, यासाठी केबल फेराइटच्या कड्यातून अनेक वेढे देऊन आणावी. आणखी एक सूचना डिजिटल पद्धतींविषयी. जो टेलर व स्टीव्ह फ्रँक यांनी २०१७ साली प्रचारात आणलेली एफटी-८ पद्धत छोट्या अँटेनाच्या धन्याला वरदान आहे, कारण २,५०० हर्ट्झ रुंदीतील गोंगाटापेक्षा सुमारे २० डेसिबेल क्षीण असलेला संकेतही ती उलगडते. परंतु तीत प्रत्येक पाळीस जवळजवळ १३ सेकंद पूर्ण शक्ती अखंड वाहते. बोलण्यासाठी १०० वॉटांची मर्यादा छापलेले वेटोळे अशा वेळी २५ वॉटांनीसुद्धा हाताला चटका देण्याइतके तापते, म्हणून छापील मर्यादेवर विसंबू नये.

आता शेजारधर्माविषयी. मी ज्या गृहनिर्माण संस्थेत राहतो तेथे गच्चीवर कायमचा खांब उभारण्याची दरखास्त नामंजूर झाली, आणि वरच्या मजल्यावरील एका कुटुंबाने ध्वनिवर्धकातून माझा आवाज येत असल्याची लेखी तक्रार दिली. त्या तक्रारीत तथ्य होते. ध्वनिवर्धकाच्या तारेवर फेराइट बसवून आणि शक्ती कमी करून तिचे निवारण झाले. त्याहून अधिक उपयोग झाला तो माझ्या नोंदवहीचा. कोणत्या तारखेस, किती वाजता, कोणत्या पट्ट्यावर मी प्रेषण केले याची चोख नोंद असल्यामुळे कोणता उपद्रव माझा व कोणता नव्हे, हे शेजाऱ्यांबरोबर बसून ताडून पाहता आले. संस्थेकडे जाताना परवान्याची नक्कल जोडून रीतसर अर्ज करावा, अँटेना तासा-दोन तासांपुरता उभारून पुन्हा उतरविला जाईल अशी लेखी हमी द्यावी, आणि ती तंतोतंत पाळावी. कायमच्या खांबाला नकार देणारी समितीही अशा तात्पुरत्या अँटेनाला बहुधा हरकत घेत नाही.

उलट दिशेचा उपद्रव आपणही सोसतो. एलईडी दिवे, भ्रमणध्वनीचे चार्जर, लिफ्टची यंत्रणा यांचा गोंगाट शहरात इतका दाटलेला असतो, की क्षीण संकेत त्यात बुडून जातात. यंत्र बॅटरीवर चालवून घरातील मुख्य स्विच काही मिनिटे बंद करून पाहावा. गोंगाट घटला तर शत्रू घरातच आहे, आणि एकेक उपकरण लावीत गेल्यास तो सापडतो.

यामुळेच सुटीच्या दिवशी अँटेना घेऊन बाहेर पडण्यासारखा आनंद नाही. २००२ साली इंग्लंडात सुरू झालेल्या ‘समिट्स ऑन द एअर’ या उपक्रमाने पर्वतशिखरांवरून बोलण्याचा प्रघात जगभर रुजविला, आणि सह्याद्रीच्या माथ्यावर ज्याने ५ वॉटांच्या यंत्राने दूरदेशीचे उत्तर ऐकले, त्याला त्याचे कारण सांगावे लागत नाही. परंतु येथे दक्षता दुप्पट हवी. आपला खांब ज्या दिशेला पडेल तिकडे, त्याच्या पुऱ्या उंचीहून पुष्कळ अधिक अंतरापर्यंत, विजेची एकही तार नसावी; ११ व २२ किलोव्होल्टांच्या वाहिन्या माळावरूनच गेलेल्या असतात आणि त्यांना आवरण नसते. एप्रिल-मे महिन्यांत वळिवाचे ढग दिसताच, मेघगर्जनेची वाट न पाहता, सामान उतरवून खाली यावे. संरक्षित किल्ल्याच्या तटबंदीत खिळा किंवा खुंटी ठोकू नये. दगडांची पिशवी बुडाशी बांधली तरी काठी उभी राहते. परवान्यात केंद्राच्या स्थानाविषयी ज्या अटी आहेत, त्या निघण्यापूर्वी वाचाव्यात.

हा केवळ करमणुकीचा मामला असता, तर मी इतक्या विस्ताराने लिहिले नसते. १९४२ साली उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनी काँग्रेस रेडिओ चालविला तो मुंबईतील भाड्याच्या खोल्यांतून, प्रेषक यंत्र एका इमारतीतून दुसरीत हलवीत. आणि त्यांची ४२.३४ मीटरची लहर म्हणजे आजच्या हौशी पट्ट्यातील सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झच होय. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर संपर्क प्रस्थापित करण्याच्या कामी हौशी रेडिओचालकांनी मोलाची मदत केली. अशा प्रसंगी उपयोगी पडते ते अल्प जागेत, बॅटरीवर, घटकाभरात उभे राहणारे केंद्र. आणि असे केंद्र चालविण्याचा सराव ज्याला आपल्या गॅलरीत व माळावर घडलेला असतो, तोच ऐन वेळी कामास येतो.

म्हणून नवागत मित्रांस माझी विनंती अशी, की मोठ्या घराची किंवा मोठ्या खांबाची वाट पाहत परवाना पेटीत ठेवू नका. या आठवड्यात २८ मेगाहर्ट्झसाठी अडीच-अडीच मीटरच्या दोन तारा कापा, मध्ये केबल जोडा, केबलवर फेराइट चढवा, शेजाऱ्यांना कल्पना द्या, आणि दुपारच्या वेळी पहिली हाक घाला. महागडी छडी विकत घेण्याचा विचार त्यानंतर करावा, आणि करताना विक्रेत्याला एसडब्ल्यूआर विचारू नये. दिलेल्या शक्तीपैकी किती वॉट आकाशात जातात, एवढेच विचारावे.