नाव कोणाचे? व्यापारचिन्हाचे तंटे आणि अंतरिम मनाई हुकूम

बाजारात गिऱ्हाईक माल मागते ते बहुधा नावाने. दुकानात जाऊन 'मिक्सर दाखवा' असे न म्हणता 'सुमीत दाखवा' म्हणणारी घरे महाराष्ट्रात एकेकाळी पुष्कळ होती. कारखान्याची इमारत, यंत्रे आणि कच्चा माल यांची किंमत हिशेबाच्या वहीत मांडता येते. परंतु वर्षानुवर्षे चांगला माल देऊन एखाद्या नावाभोवती जो विश्वास जमा होतो, तो कित्येकदा या सर्वांहून मोठे भांडवल ठरतो. अशा नावावर दोन कंपन्या हक्क सांगू लागल्या म्हणजे तंटा न्यायालयात जातो. तेथे कैफियत, मुद्दे, साक्षी, उलटतपासणी असे टप्पे ओलांडून अखेरचा निवाडा होण्यास वर्षे लागतात. मालकी ठरेपर्यंत त्या नावाने माल कोणी विकावयाचा, हा प्रश्न मात्र दावा दाखल होतो त्याच दिवशी उभा राहतो. त्यावर न्यायालय जी तात्पुरती व्यवस्था लावून देते, तिला अंतरिम दिलासा म्हणतात.

या दिलाशाने मालकी ठरत नाही, असे अंतरिम आदेशात बहुधा स्पष्टपणे नमूद केलेले असते, आणि कायद्याच्या दृष्टीने ते खरेही आहे. परंतु बाजार निकालासाठी थांबत नाही. ज्याचा माल दोन-तीन वर्षे दुकानातून नाहीसा झाला, त्याच्या नावाचे गिऱ्हाईक दुसरीकडे वळते. अंतरिम हुकूम झाल्यावर पुढे लढण्यात अर्थ नाही असे मानून तडजोड करणारेही अनेक असतात. कागदावर तात्पुरता असलेला हा हुकूम व्यवहारात अशा रीतीने अखेरचा ठरू शकतो. म्हणूनच तो देताना न्यायालय काय तोलून पाहते, हे समजून घेणे केवळ वकिलांचे काम राहिलेले नाही.

कायद्याची चौकट

व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ हा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून अंमलात आला आणि १९५८ चा जुना कायदा त्याने मोडीत काढला. चिन्ह नोंदलेले असेल तर त्याच्या उल्लंघनाबद्दल दावा लावता येतो. नोंदलेले नसेल, तरीही आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपविणाऱ्याविरुद्ध दाद मागण्याचा जुना हक्क कलम २७ ने राखून ठेवला आहे. असे दावे जिल्हा न्यायालयाहून खालच्या न्यायालयात चालत नाहीत. दिलासा कोणता द्यावयाचा हे कलम १३५ मध्ये सांगितले आहे. मनाई हुकूम, नुकसानभरपाई किंवा नफ्याचा हिशेब, आणि वादग्रस्त लेबले व चिन्हे नष्ट करण्यासाठी ताब्यात देणे, असे त्याचे प्रकार आहेत. दाव्याच्या मध्यंतरी मालाचे व कागदपत्रांचे जतन करण्याचा आदेशही न्यायालयास देता येतो.

तात्पुरत्या मनाईचे मूळ मात्र दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश ३९ मध्ये आहे. महाराष्ट्रातील जिल्हा न्यायालयांत दाव्यासोबत येणारा मनाईचा अर्ज 'निशाणी पाच' या नावानेच ओळखला जातो. या अर्जावर तीन गोष्टी पाहिल्या जातात. वादीची बाजू सकृद्दर्शनी विचार करण्याजोगी आहे काय, मनाई दिल्याने किंवा न दिल्याने कोणाची गैरसोय अधिक होईल, आणि पुढे पैशाने भरून न येणारी हानी होणार आहे काय. सर्वोच्च न्यायालयाने चौथीही एक गोष्ट आवर्जून सांगितली आहे, ती म्हणजे दाद मागणाऱ्याचे स्वतःचे वर्तन. 'थम्स अप', 'लिम्का', 'गोल्ड स्पॉट' या पेयांच्या बाटल्या भरण्याच्या करारावरून गुजरातमधील एक कंपनी आणि कोका कोला यांच्यात वाद झाला व तो मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. १९९५ साली त्यात निर्णय देताना न्यायालयाने असे म्हटले की, मनाईचा हुकूम हा न्यायबुद्धीने द्यावयाचा दिलासा आहे. तेव्हा तो मागणाऱ्याचे आणि तो उठविण्याची विनंती करणाऱ्याचेही हात स्वच्छ असले पाहिजेत.

गोळ्या करणारा आणि नावाचा धनी

मालकीच्या वादात अंतरिम दिलासा कसा तोलला जातो, हे वाँडर कंपनी विरुद्ध अँटॉक्स या खटल्याइतके चांगले क्वचितच दिसते. १९९० चा हा निर्णय आजही देशभरच्या न्यायालयांत उद्धृत होतो. 'कॅल-डी-सी' हे कॅल्शियम व जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचे नाव वाँडर कंपनीच्या नावावर नोंदलेले होते. १९८६ साली या कंपनीने अँटॉक्सशी करार केला. अँटॉक्सने गोळ्या तयार करावयाच्या आणि त्या वाँडरला द्यावयाच्या, अशी ती व्यवस्था होती. १९८८ साली वाँडरने हा करार मोडला आणि तेच काम दुसऱ्या एका कंपनीकडे सोपविले. तेव्हा अँटॉक्सने मद्रास उच्च न्यायालयात दावा लावला. या नावाने माल आम्ही प्रत्यक्ष तयार करीत आलो, तो वापर आमचा स्वतंत्र वापर आहे. सबब वाँडरने व तिच्या नव्या उत्पादकाने हे नाव वापरू नये, असे तिचे म्हणणे होते.

मागणी काय होती हे नीट पाहिले पाहिजे. ज्याच्या नावावर चिन्ह नोंदलेले, त्यालाच ते वापरण्यास मनाई करा, अशी ती मागणी होती. एकल न्यायाधीशांनी ती फेटाळली. खंडपीठाने अपिलात हुकूम फिरवून मनाई दिली. सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचा हुकूम रद्द केला. जो वापर दुसऱ्याच्या संमतीने आणि कराराच्या आधारे सुरू झाला, तो त्याच दुसऱ्याविरुद्ध 'माझा आधीचा वापर' म्हणून उभा करता येत नाही, हा त्यातील गाभा. आधीच्या वापराला कायद्यात मोठे मोल आहे. नोंदणीहून आधीचा वापर श्रेष्ठ असे तत्त्व आहे आणि कलम ३४ त्याच आधारावर उभे आहे. मात्र तो वापर स्वतःच्या मालासाठी, स्वतःच्या हक्काने केलेला असावा लागतो.

याच निर्णयात न्यायालयाने अंतरिम हुकुमाचा हेतू उकलून दाखविला. निकाल लागेपर्यंत वादीच्या हक्काला धक्का बसू नये, ही एक बाजू. प्रतिवादीचा धंदा विनाकारण बंद पडला आणि शेवटी तोच खरा ठरला, तर त्याची हानी कशी भरून देणार, ही दुसरी. ज्याने अजून धंदा सुरूच केलेला नाही त्याला थांबविणे वेगळे आणि चालता धंदा बंद पाडणे वेगळे, हा भेदही तेथे सांगितला आहे. आणि व्यवहाराच्या दृष्टीने सर्वांत दूरगामी भाग असा की, खालच्या न्यायालयाने तारतम्य वापरून दिलेला हुकूम, अपील न्यायालयाला केवळ आपले मत वेगळे पडते म्हणून बदलता येत नाही. तो मनमानी, लहरी, विपर्यस्त किंवा प्रस्थापित तत्त्वांना सोडून असेल तरच त्यात हात घालावा. याचा अर्थ सरळ आहे. पहिल्या न्यायालयात जो कागद दाखल करावयाचे विसरला, त्याने अपिलावर फार भिस्त ठेवू नये.

सुमीत आणि व्हर्लपूल

'सुमीत' या नावाचा तंटाही मद्रास उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला व १९९४ साली त्याचा निर्णय झाला. येथे दोन्ही पक्ष एकाच कुटुंबाशी निगडित होते, हे या प्रकरणाचे वैशिष्ट्य. तुम्हांला आमचा वापर ठाऊक होता, तुम्ही तो चालू दिला, आता तक्रार कशी करता, असा प्रतिवादीचा बचाव होता. न्यायालयाने तो मानला नाही. नुसते गप्प बसणे म्हणजे मूक संमती नव्हे. समोरच्याला उत्तेजन मिळेल असे काही प्रत्यक्ष वागणे दिसले पाहिजे. शिवाय एका चिन्हाचा उगम एक आणि धनीही एकच असतो. एकाच नावाचे दोन उगम असू शकत नाहीत. एकल न्यायाधीशांनी दिलेली व खंडपीठाने उठविलेली मनाई अशा रीतीने पुन्हा लागू झाली. घरातल्या घरात तोंडी समजुतीवर चालणाऱ्या धंद्यांची आपल्याकडे वाण नाही; त्यांनी हा निर्णय अवश्य पाहावा.

धुलाई यंत्रांच्या 'व्हर्लपूल' या नावाची कथा वेगळ्या प्रकारची. मूळ अमेरिकी कंपनीची भारतातील नोंदणी नूतनीकरणाअभावी १९७७ साली संपली होती. पुढे दुसऱ्याच एका पक्षाने तेच नाव १९९२ साली आपल्या नावावर नोंदवून घेतले. नोंदणीपुस्तक पाहिले तर प्रतिवादीच मालक. तरीही दिल्ली उच्च न्यायालयाने त्याला मनाई केली आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. त्या नावाची कीर्ती नियतकालिकांतील जाहिरातींमधून भारतात आधीच पोहोचली होती, आणि हेच नाव का निवडले याचा पटण्याजोगा खुलासा प्रतिवादीला करता आला नाही. गैरसोयीच्या तोलात तर एक अगदी साधी वस्तू निर्णायक ठरली. यंत्रावरील नावाची धातूची छोटी पट्टी काढली की प्रतिवादीला आपला माल विकता येत होता.

नोंदणी हा सकृद्दर्शनी पुरावा आहे, अखेरचा नव्हे, असे यावरून दिसते. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठानेही औषधांच्या नावासंबंधीच्या एका खटल्यात २०१४ साली असे ठरविले की, नोंदणी उघडउघड बेकायदेशीर किंवा फसवणुकीने मिळविलेली असेल, तर अंतरिम टप्प्यावरही न्यायालय तिच्यामागे पाहू शकते. मात्र हा अपवाद आहे आणि त्याची पायरी उंच आहे. झुरळे व मुंग्यांसाठीच्या 'लक्ष्मणरेखा' या नावावरील वादात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सांगितले की, उल्लंघन दिसत असेल तर सामान्यतः मनाई दिलीच पाहिजे. केवळ उशीर झाला एवढ्यावरून ती नाकारता येत नाही. तथापि समोरच्याची नोंदणी व वापर ठाऊक असून मालक सलग ५ वर्षे तो खपवून घेत राहिला, तर कलम ३३ त्याच्या आड येते.

एकतर्फी हुकूम

दुसऱ्या पक्षाला न ऐकता हुकूम देणे हा अपवाद. नोटीस काढण्यात वेळ गेल्यास हेतूच विफल होईल, असे वाटले तरच न्यायालय कारणे नोंदवून तसा हुकूम देते. वादीने अर्ज, शपथपत्र, वादपत्र व कागदपत्रांच्या प्रती प्रतिवादीकडे लगेच पाठवाव्या लागतात, आणि असा अर्ज ३० दिवसांत निकालात काढण्याचा न्यायालयाने प्रयत्न करावा, असे संहिता सांगते. वस्तुस्थिती दडवून मिळविलेला हुकूम रद्द होतो. हुकूम मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते आणि त्याला ३ महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेतही ठेवता येते. व्यापारी न्यायालयांच्या कायद्यानुसार दाव्यापूर्वी मध्यस्थीचा मार्ग अनुसरणे आवश्यक आहे. तातडीचा अंतरिम दिलासा मागितला असेल तेव्हा मात्र ही अट लागू नाही.

लहान उत्पादकांच्या दारात

हे सर्व मोठ्या कंपन्यांचे खटले आहेत. परंतु वाँडर आणि अँटॉक्स यांच्यातील नाते आज महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातही उभे राहत आहे. महिला बचत गट पापड, मसाले, लोणची करतात आणि ती शहरातील व्यापाऱ्याच्या छापील पिशवीत जातात. शेतकरी उत्पादक कंपनी डाळ किंवा गूळ भरून देते, नाव दुसऱ्याचे असते. करार संपला की 'हा माल तर आम्हीच करीत होतो' हे उद्गार सहज निघतात. ते नैसर्गिक आहेत, पण वरील निर्णयापुढे टिकणारे नाहीत. उलट नाव गटानेच रुजविलेले असेल आणि व्यापाऱ्याने ते स्वतःच्या नावावर नोंदवून घेतले असेल, तर गटाची बाजू दुबळी नसते. अडचण येते ती पुराव्याची.

गटाचे नाव कोणाच्या नावाने नोंदवावयाचे, हा प्रश्न अर्ज भरतानाच सोडविला पाहिजे. सोयीसाठी अध्यक्षांच्या वैयक्तिक नावाने अर्ज केला आणि पुढे त्या गटातून बाहेर पडल्या, तर कागदोपत्री नाव त्यांच्याबरोबर जाते. संघटनेच्या सर्व सभासदांनी एकच चिन्ह वापरावयाचे असल्यास सामूहिक चिन्हाच्या नोंदणीची सोय कायद्यात आहे. नोंदणी १० वर्षांची असते व तिचे नूतनीकरण करावे लागते. करारात नावाची मालकी कोणाची, करार संपल्यावर उरलेल्या पिशव्या व तयार माल किती दिवसांत संपवावयाचा, छपाईचे साचे कोणाकडे राहावयाचे, हे लिहिलेले असावे. ग्रामसेवक आणि शिक्षक अनेकदा असे कागद गावकऱ्यांना वाचून दाखवितात. त्यांनी ही कलमे आधी शोधावीत.

निशाणी पाचच्या सुनावणीत तोंडी साक्षी बहुधा होत नाहीत. न्यायाधीशांपुढे असतात ती शपथपत्रे आणि कागद. त्या नावाचे पहिले बिल, लेबल छापणाऱ्याची तारखेसह पावती, प्रदर्शनात गाळा घेतल्याची पावती, खाद्यपदार्थांच्या परवान्याची प्रत, वृत्तपत्रातील जाहिरातीचे कात्रण, वर्षवार विक्रीचा हिशेब. हे कागद एका फाइलीत, तारखेच्या क्रमाने लावून ठेवावेत आणि ती फाइल एखाद्या सभासदाच्या घरी न ठेवता गटाच्या दप्तरात ठेवावी.